नर्सला रकाना रिकामा ठेवता आला पाहिजे

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात सकाळी सात वाजता जा आणि रात्रपाळीने भरलेले तक्ते ओळीने वाचत चला. रक्तदाब 120/80. पुढच्या खाटेवर 120/80. त्याच्या पुढे 130/80, मग पुन्हा 120/80. ताप 98.4. नाडी 80 किंवा 82. श्वास मिनिटाला 20, आणि तो सगळ्यांचाच 20. दम्यामुळे रात्र बसून काढलेल्या आजोबांचा 20, काल सिझेरियन झालेल्या मुलीचाही 20. हे आकडे मोजलेले नाहीत हे तक्ता पाहणाऱ्या प्रत्येकाला कळतं. राउंडला आलेल्या डॉक्टरांना कळतं, इन्चार्ज सिस्टरला कळतं, मेट्रनला, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, कळतं. पण तक्ता भरलेला असतो, म्हणून कोणी काही विचारत नाही.

मी नाशिकमध्ये नर्सिंगच्या मुलींना शिकवते. नीती, कायदा आणि व्यावसायिक जबाबदारी हा भाग अभ्यासक्रमात आहे. रुग्णाचं हित, अपाय न करणं, रुग्णाची स्वायत्तता, न्याय ही तत्त्वं मुली पाठ करतात, पेपरात नीट लिहितात. मग पहिल्या रात्रपाळीला एखादी जुनी सिस्टर प्रेमाने सांगते, ‘साडेपाच झाले बाळा, व्हायटल्स भरून टाक.’ व्हायटल्स म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाबाचे हे आकडे. मोजून घे असं ती म्हणत नाही. तीन वर्षं शिकवलेलं त्या एका वाक्यात पुसलं जातं.

नर्सच्या नीतीची चर्चा निघाली की लोक इच्छामरण, अवयवदान असे विषय काढतात. ते प्रश्न खरे आहेत, पण सामान्य नर्सच्या वाट्याला ते क्वचित येतात. या रकान्याचा प्रश्न तिच्यापुढे रोज रात्री असतो. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, आणि का मोजता आलं नाही ते लिहायचं, हे तिचं कर्तव्य आहे असं मी ठामपणे मानते. तितक्याच ठामपणे मला हेही म्हणायचं आहे की असं खरं लिहिणाऱ्या नर्सची नोकरी आणि अब्रू वाचवणं हे रुग्णालयाचं, नर्सची नोंदणी ठेवणाऱ्या परिचर्या परिषदेचं आणि कायद्याचं कर्तव्य आहे. पहिलं कर्तव्य आपण तिला उठता-बसता ऐकवतो. दुसऱ्याची आठवण फार थोड्यांना होते.

साधा हिशेब मांडून पाहू. एका रुग्णाचा ताप, पूर्ण मिनिटभर नाडी, पूर्ण मिनिटभर श्वास, रक्तदाब आणि त्याची नोंद हे सगळं प्रामाणिकपणे करायला पाच मिनिटं लागतात. वॉर्डात 34 रुग्ण असतील तर एका फेरीला 170 मिनिटं, म्हणजे जवळजवळ तीन तास. रात्रीत अशा निदान दोन फेऱ्या व्हायला हव्यात. शिवाय दहाची औषधं, सहाची औषधं, चालू असलेल्या सलाईन, एखादं नवीन ॲडमिशन, एखादा खालावलेला रुग्ण, रक्ताच्या बाटलीसाठी ब्लड बँकेला फोन, मध्येच कोणाची तरी नळी निघालेली, आणि ‘सिस्टर, जरा बघा ना’ म्हणत दाराशी उभे राहिलेले नातेवाईक. सर्वसाधारण वॉर्डात एका पाळीत पाच-सहा रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक, असे निकष आपल्याकडे कागदावर कित्येक वर्षांपासून आहेत. 34 रुग्णांमागे एक नर्स ठेवली की तक्ता खोटा भरला जाणार हे ड्यूटीचं वेळापत्रक लावतानाच ठरलेलं असतं.

आणि त्या खोट्याची किंमत रुग्ण मोजतो. श्वासाचा वेग हे तब्येत खालावण्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक. न्यूमोनिया वाढताना, जंतुसंसर्ग रक्तात पसरताना, रक्तदाब घसरण्याच्या बराच आधी श्वास वाढायला लागतो. 20 चा 24 होतो, 24 चा 28. रात्री दोनला कोणी 28 लिहिलं असतं तर निवासी डॉक्टरला उठवता आलं असतं. तक्त्यावर 20 असतं, आणि सकाळी रुग्ण ‘अचानक सिरियस झाला’ असं नातेवाइकांना सांगितलं जातं. अचानक काही झालेलं नसतं. चार-पाच तास ते सगळ्यांसमोर घडत असतं, फक्त ते मोजायला कोणाचे हात मोकळे नसतात.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो मी टाळणार नाही. ‘मॅडम, स्टाफ कमी हे कारण झालं. पाच रुग्ण असले तरी काही सिस्टर मोबाईलवरच असतात.’ असतात, हे मी पाहिलेलं आहे. रुग्णाला वेदना होत असताना मान वर न करणारी नर्स या व्यवसायाला काळिमा फासते, आणि तिच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण आज सगळेच तक्ते सारखे भरलेले असल्यामुळे कामचुकार नर्स आणि 34 रुग्णांमागे धावून पाय सुजलेली नर्स यांच्यातला फरक कागदावर दिसतच नाही. खरं लिहायची मुभा दिली तर तो दिसेल. ‘02:00, फेरी झाली नाही, खाट 11 चा रुग्ण खालावल्याने 01:20 ते 03:10 तिथे’ अशी नोंद करणारी नर्स कोण आणि काहीच न लिहिणारी कोण, हे महिन्याभरात कळून येईल.

खरं न लिहिण्याचं कारण भीती आहे, आणि ती भीती हवेतली नाही. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. दोषारोप झाले त्यात दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आपल्याच विभागातल्या अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली, 11 रुग्ण दगावले, आणि तीनच दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. आगीच्या क्षणी कोण कुठे होतं याची चौकशी झालीच पाहिजे, तिला माझा काडीचाही विरोध नाही. पण वायरिंग, अग्निशमन यंत्रणा, बाहेर पडायचे मार्ग यांच्यावर सही करण्याचा अधिकार नर्सला कधीच नव्हता. अधिकार वरच्या मजल्यावर राहतो आणि जबाबदारी वॉर्डात उतरते, ती ड्यूटीवर असलेल्या बाईच्या नावावर.

नाशिककरांना यासाठी भंडाऱ्यापर्यंत जायची गरज नाही. 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. गळती बाहेरच्या टाकीला होती, दाब मात्र आतल्या रुग्णाच्या नळीत कमी झाला. त्या घटकेला त्या खाटेशी कोण असतं? टाकी बसवणारा नसतो, तिच्या देखभालीच्या कागदावर सही करणारा नसतो. तिथे नर्स असते.

आता कायद्याकडे येते, कारण तिथे एक गोष्ट घडून गेली आणि नर्सच्या जगात तिची पुरेशी चर्चा झाली नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या 304-अ कलमाखाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती, मग आरोपी डॉक्टर असो, नर्स असो की ट्रकचालक. नव्या कलम 106(1) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. डॉक्टरांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं तर कमाल शिक्षा दोनच वर्षं, असा अपवाद कलमात आला. त्या अपवादाचं स्पष्टीकरण म्हणतं की असा व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली मान्य अर्हता असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. नर्सचं नाव त्या वहीत नसतं. तिची नोंद परिचर्या परिषदेकडे असते.

म्हणजे एकाच टेबलाशी, एकाच रुग्णावर, एकाच चुकीच्या इंजेक्शनसाठी लिहून देणाऱ्या डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि ते टोचणाऱ्या नर्सला पाच वर्षं होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात डॉक्टरांविषयी सांगितलं होतं की साधी चूक आणि गंभीर निष्काळजीपणा यात फरक करा, तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय खटला चालवू नका, आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नका. ही ढाल डॉक्टरांना हवीच होती, ती काढून घ्या असं मी म्हणत नाही. तीच ढाल नोंदणीकृत नर्सलाही मिळाली पाहिजे. 106 च्या स्पष्टीकरणात एक ओळ वाढवली तरी पुरे. आणि नर्सवर गुन्हा नोंदवण्याआधी जे तज्ज्ञ मत घेतलं जाईल, त्या समितीत रात्रपाळ्या केलेली एखादी ज्येष्ठ परिचारिका असावी. वॉर्ड चालतो कसा हे तिला ठाऊक असतं.

तक्त्याइतकीच दुसरी धोक्याची जागा म्हणजे फोनवरची ऑर्डर. रात्री एक वाजता सर फोनवर सांगतात, ‘साखर वाढलीय ना, बारा युनिट दे, सकाळी येऊन लिहितो.’ नियम असा की तोंडी ऑर्डर फक्त आणीबाणीत घ्यायची, ऐकलेलं डॉक्टरांना परत वाचून दाखवायचं, वेळ आणि डॉक्टरांचं नाव घालून लिहायचं आणि लवकरात लवकर त्यांची सही घ्यायची. आता ते बारा युनिट भरायचे कसे ते बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक 40 युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात, त्यांच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पण 100 युनिट प्रति मिलिलिटरचं इन्सुलिनही बाजारात आहे, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. शंभरच्या कुपीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये बाराच्या खुणेपर्यंत भरलं की रुग्णाच्या पोटात बारा नाही, तीस युनिट जातात. अडीच पट. पहाटे तो घामाने भिजून बेशुद्ध सापडतो. म्हणून इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड अशी औषधं दोन नर्सनी स्वतंत्रपणे तपासायची आणि दोघींनी सह्या करायच्या अशी चांगल्या रुग्णालयांची पद्धत आहे.

पण रात्री वॉर्डात दुसरी नर्स नसेल तर? तिथे काय होतं हे मला माझ्या विद्यार्थिनी सांगतात. दुसरी सही सकाळी आलेली सिस्टर करते, डोळ्यांनी न पाहिलेल्या औषधावर. म्हणजे रुग्णाच्या सुरक्षेसाठी केलेला नियम आणखी एका खोट्या नोंदीला जन्म देतो. त्यापेक्षा ‘दुसरी परिचारिका उपलब्ध नाही, एकटीने दोनदा तपासले’ हे लिहिलेलं बरं. ते वाक्य न्यायालयात नर्सविरुद्ध जाईल असं अनेकींना वाटतं. मला वाटतं ते उलट तिच्या बाजूने उभं राहील. सकाळी आलेल्या बाईची रात्री एकची सही हजेरीपटाशी ताडून पाहिली की पहिल्या उलटतपासणीत उघडी पडते, आणि एक नोंद खोटी ठरली की रात्रीच्या नर्सने प्रामाणिकपणे केलेल्या बाकीच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नाशिकच्या मुंबई नाका, द्वारका, गंगापूर रोड या भागांत छोट्या खासगी रुग्णालयांच्या पाट्यांना तोटा नाही. अशा काही ठिकाणी पांढऱ्या गणवेशातली जी मुलगी सलाईन लावते ती नर्सच नसते. पेठ, सुरगाणा, कळवणकडून कामाच्या शोधात आलेली, बारावी झालेली किंवा न झालेली, सहा महिन्यांत हाताने शिकलेली मुलगी असते. तिचा हात चांगला असतो, मन त्याहून चांगलं असतं. पण नोंदणी नसते, औषधांचं ज्ञान नसतं, आणि रुग्ण तिलाही विश्वासाने सिस्टरच म्हणतो. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाचं प्रकरण आलं होतं. टायफॉइड झालेल्या लहान मुलाला अपात्र नर्सने चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं, त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं, मुलाला साडेबारा लाख आणि आई-बापांना त्यांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख द्यायला लावले. अशी मुलगी नेमणाऱ्या मालकाने हा निकाल वाचावा. आणि नोंदणीकृत नर्सनेही आपल्या हाताखाली अशी मुलगी औषध देत असेल तर ते लेखी कळवावं. ‘मला काय त्याचं’ असं म्हणायची सोय या व्यवसायात नाही.

साक्षीदाराच्या सहीचंही तेच. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर खाली नर्सची सही असते. सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेल्या बाईच्या वतीने नवरा नाहीतर सासरा अंगठा उठवतो, ती बाजूला गप्प बसलेली असते, आणि कागदावर छापलेलं असतं की ‘मला माझ्या भाषेत समजावून सांगितले आहे’. तिच्या बोलीत कोणीच काही सांगितलेलं नसतं. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची असते. 2008 च्या समीरा कोहली निकालात तर भुलीखाली असलेल्या प्रौढ लेकीसाठी आईने दिलेली संमतीसुद्धा न्यायालयाने मानली नाही. समजावून सांगणं हे डॉक्टरचं काम आहे, पण ते झालं असं साक्षीने सांगणारी नर्स आहे. झालेलं नसेल तर तिने सही करू नये. ‘सर, बाईंना कळलेलं नाही, पेठकडची मावशी आहे वॉर्डात, तिला बोलावते, तुम्ही पुन्हा सांगा’ इतकं म्हणायला दहा मिनिटं जातात. शस्त्रक्रियांची यादी दहा मिनिटांनी पुढे सरकली तर सरकू द्यावी.

हे सगळं करायला नर्सच्या अंगी धैर्य पाहिजे असं म्हणून आपण मोकळे होतो. धैर्य पगारातून आणि नोकरीच्या खात्रीतून येतं. जानेवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर केंद्राने खासगी नर्सच्या वेतनासाठी समिती नेमली. पन्नास खाटांपेक्षा लहान रुग्णालयातसुद्धा महिना किमान 20,000 रुपये आणि दोनशेहून मोठ्या रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, अशी तिची शिफारस होती. नाशिकच्या किती छोट्या रुग्णालयांत पहिल्या वर्षाच्या मुलीला 20,000 मिळतात, हे आपल्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारून पाहा. सरकारी बाजूला कंत्राटीकरण आलं, त्याविरुद्ध मे 2022 मध्ये राज्यभरच्या परिचारिका संपावर गेल्या. तेव्हा रुग्णांच्या हालाची बातमी झाली, आणि हाल खरेच झाले. पण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली मुलगी ‘आज वॉर्डात मी एकटी होते’ असं कागदावर लिहील का? तिच्या पुढच्या ऑर्डरवर सही करणारा तोच कागद वाचणार असतो.

म्हणून सुरुवात वरून व्हायला हवी, आणि ती नाशिकमधून होऊ शकते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथे म्हसरूळला आहे, राज्यभरची नर्सिंग महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. विद्यार्थिनी ज्या रुग्णालयांत शिकायला जातात तिथे पाळी बदलताना पुढच्या नर्सला काम सोपवण्याच्या, म्हणजे ओव्हरच्या, वहीत प्रत्येक पाळीची पहिली ओळ ‘रुग्ण इतके, नोंदणीकृत परिचारिका इतक्या’ अशी असावी, ती मेट्रननेच भरावी आणि कारणासह रिकाम्या ठेवलेल्या रकान्यासाठी कोणालाही मेमो देऊ नये, अशी अट विद्यापीठाने घालावी. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्यात नीती आणि नोंदणी मंडळाची तरतूद आहे. त्या मंडळाची आचारसंहिता नर्सला जशी बंधनकारक असेल तशीच तिला नेमणाऱ्यालाही असली पाहिजे. एका नर्सवर किती रुग्ण टाकता येतील याची मर्यादा ओलांडणं हा नेमणाऱ्याचा गैरवर्तनाचा गुन्हा ठरला पाहिजे.

आणि या शहराला घाई आहे. 2027 मध्ये सिंहस्थ आहे. 27 ऑगस्ट 2003 ला सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले, हे नाशिक विसरलेलं नाही. घाट, रस्ते, पूल, पार्किंग यांच्या बैठकांच्या बातम्या रोज येतात. पर्वणीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात, महापालिकेच्या बिटको रुग्णालयात, त्र्यंबकेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या पाळीला किती नोंदणीकृत परिचारिका असतील आणि त्या कुठून येतील, याचा तक्ता प्रशासनाने आत्ताच जाहीर करावा. बाहेरून तात्पुरत्या बोलावलेल्या मुलींनाही कायम परिचारिकांइतकंच विमा संरक्षण द्यावं, आणि कोणत्या प्रसंगी त्या लेखी नकार देऊ शकतात हे त्यांच्या नेमणुकीच्या पत्रातच छापावं.